रिपोर्ट स्वच्छ आहेत, मग हे दुखणं कशाचं?

पत्राचा सारांश: वय 48, पेशाने शिक्षक. अडीच वर्षांपूर्वी गालाच्या आतल्या बाजूच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. त्याच वेळी मानेच्या उजव्या बाजूच्या गाठीही काढल्या. पुढे रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिनची केमो. तेव्हापासूनचे सगळे रिपोर्ट चांगले, डॉक्टरही खूश. पण उजवा खांदा आणि मान रोज दुखते, कानाखाली जळजळते, तोंड पुरतं उघडत नाही, तळपायांना मुंग्या येतात. फळ्यावर लिहायला हात वर जात नाही. फिजिओथेरपी आठ-दहा दिवस केली, दुखणं वाढलं म्हणून सोडली. रोज एक-दोन वेदनाशामक गोळ्या स्वतःच आणून घेतात. बायको काही उचलू देत नाही. ‘माझ्याबरोबर उपचार घेणारे दोघं आज नाहीत. मी वाचलो, मग तक्रार कोणत्या तोंडाने करू? हे आयुष्यभर सोसायचं, की गोळी वाढवून घ्यायची?’

नमस्कार,

‘तक्रार कोणत्या तोंडाने करू’ या तुमच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. गोळ्या आणि व्यायाम यांचं नंतर बघू. कारण हा संकोच सुटला नाही, तर बाकीचं सगळं सांगून उपयोग नाही.

कॅन्सरमधून उठलेल्या माणसाला नातेवाईक म्हणतात, जिवावरचं निभावलं, आता खांद्याचं काय घेऊन बसलास! माणूस स्वतःलाही तेच बजावत असतो. सोबतचे गेले आणि आपण आहोत, मग दुखण्याचं नाव काढणंसुद्धा कृतघ्नपणाचं वाटायला लागतं. तपासणीच्या दिवशी डॉक्टर ‘कसं काय?’ म्हणतात, आपण ‘ठीक आहे’ म्हणतो. ते तोंडात बघतात, मान चाचपतात, स्कॅन पाहतात, पुढची तारीख देतात. दुखण्याचा विषयच निघत नाही. घरी आल्यावर पुन्हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार. डॉक्टर खूश आहेत असं तुम्ही लिहिलंय, पण रोज गोळी घ्यावी लागते हे तुम्ही त्यांना सांगितलंय का, ते पत्रात कुठेच नाही. माझा अंदाज आहे, सांगितलेलं नाही.

कॅन्सरच्या उपचारांनंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेची जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, स्वतंत्र नोंद आहे. ऑपरेशनमुळे, रेडिएशनमुळे आणि औषधांमुळे उरणारी वेदना असे तिचे प्रकारही पाडलेले आहेत. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत बऱ्या झालेल्या रुग्णाला प्रत्येक भेटीत दुखण्याबद्दल विचारावं, असं म्हटलं आहे. तुम्ही इलाज मागाल तेव्हा कुणाकडे मेहेरबानी मागत नसाल. उपचारांचाच राहिलेला भाग पुरा करून घेत असाल.

आता दुसरी गोष्ट. रिपोर्ट स्वच्छ असूनही दुखतं, हे तुम्हाला कोडं वाटतं. स्कॅन काढलेला असतो तो गाठ परत आलीय का हे बघायला. ताणली गेलेली नस, दमलेला स्नायू, रेडिएशनने घट्ट झालेली त्वचा आणि तिच्याखालचे थर यांची दखल त्या रिपोर्टमध्ये घेतलेली नसते. दुखणं खरं की मनाचं, याचा निकाल त्या कागदावरून लावू नका.

आणि ‘दुखणं’ एक आहे, हे तुम्ही गृहीत धरलंय, त्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. तुमच्या पत्रात मला निदान चार वेगवेगळी दुखणी दिसतात. चौघांची कारणं वेगळी, म्हणून इलाजही वेगळे. चारांवर मिळून एकच गोळी घेतली की कशालाच धड उतार पडत नाही, आणि मग ‘आता सोसायचंच’ असं वाटणं साहजिक आहे.

खांद्यापासून सुरू करू. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे निदान समजू नका. मानेतल्या गाठी काढलेला माणूस शर्ट काढून माझ्याकडे पाठ करून बसतो, तेव्हा बऱ्याचदा त्या बाजूचा खांदा खाली उतरलेला दिसतो. पाठीवरचं फऱ्याचं हाड बाहेरच्या बाजूला सरकलेलं असतं आणि त्याची आतली कड उठून दिसते. हात समोरून वर करायला सांगितला तर बराचसा जातो. बाजूने वर करायला सांगितला की खांद्याच्या रेषेशी येऊन अडकतो. हे अ‍ॅक्सेसरी नावाच्या मज्जातंतूचं लक्षण असतं. मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी ही अकरावी, आणि मान ते पाठ पसरलेल्या ट्रॅपेझियस या मोठ्या स्नायूला तीच चालवते. तिच्या आसपासच गाठी असतात. सर्जनने नस जपली तरी ती ताणली जाते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि स्नायू ढिला पडतो. मग हाताचं सगळं ओझं मानेच्या आणि फऱ्याच्या मधल्या लहान स्नायूंवर येतं. ते दिवसभर ताणात राहून दुखतात. हात वापरला जात नाही म्हणून पुढे खांद्याचा सांधाही आखडतो.

नस सुधारायची असेल तेवढी बहुतेक पहिल्या वर्षभरात सुधारते. अडीच वर्षांनी ती पूर्ववत होईल असं मी सांगणार नाही. पण शेजारच्या स्नायूंना ताकद देता येते, सांधा मोकळा करता येतो, आणि त्याने दुखणं खरोखर उतरतं. कॅनडात डोकं-मानेच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या 52 जणांवर केलेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचे व्यायाम दिले. दुसऱ्याला फऱ्याभोवतालच्या स्नायूंसाठी हळूहळू वजन वाढवत नेणारे व्यायाम दिले. 12 आठवड्यांनी दुसऱ्या गटाचा खांदा कमी दुखत होता आणि जास्त कामाला येत होता.

तुमची फिजिओथेरपी का फसली असावी, याचं उत्तर मला यातच दिसतं. ‘हात वर जात नाही’ एवढंच पाहिलं तर तो साध्या आखडलेल्या खांद्यासारखा वाटतो, आणि हात धरून वर ओढण्यावर भर दिला जातो. फऱ्याला आधार देणारा स्नायू ढिला असताना हात जोराने वर नेला तर आतले पदर चिमटतात आणि दुखणं वाढतं. आधी फऱ्याची हाडं मागे ओढून धरायला शिकायचं. मग रबराच्या पट्ट्यावर किंवा अगदी हलक्या वजनावर काम. त्यानंतर हळूहळू हात वर. आठ-दहा दिवसांत यातलं काहीच होत नाही, दोन-तीन महिने धरून चाला. एका ठिकाणचा अनुभव वाईट आला म्हणून फिजिओथेरपीच आपल्यासाठी नाही, असा निष्कर्ष काढू नका. कॅन्सरच्या रुग्णांसोबत काम केलेला थेरपिस्ट शोधा, आणि ‘माझ्या मानेतल्या गाठी काढल्यात, अ‍ॅक्सेसरी नस तपासा’ हे पहिल्याच दिवशी सांगा.

तोपर्यंत त्या हाताला लटकत ठेवू नका. बसताना कोपर टेबलावर किंवा उशीवर टेकलेलं असू द्या, उभं असताना हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवा. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घ्या. फळ्याचा खालचा निम्मा भाग वापरा, ठळक मुद्दे तास सुरू होण्याआधी लिहून ठेवा, मधूनमधून विद्यार्थ्यांना लिहायला सांगा. मुख्याध्यापकांशी या सोयींबद्दल बोलायला संकोचू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम नेमकं हेच असतं, आणि आपल्याकडे त्यांच्याकडे फार कमी लोक जातात.

कानाखालची जळजळ हे दुसरं दुखणं. ऑपरेशनमध्ये त्वचेच्या बारीक नसा कापल्या जातात. त्यामुळे कानाची पाळी बधिर, आणि तिच्याच शेजारी कॉलर नुसती घासली तरी आग, असं विचित्र चित्र होतं. अशा नसांच्या वेदनेवर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. तिच्यासाठी वेगळी औषधं असतात, लावायचे पट्टेही असतात, ते पेन क्लिनिकचे, म्हणजे वेदनेवरच उपचार करणाऱ्या विभागाचे, डॉक्टर ठरवतील. घरी करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे स्पर्शाची सवय. त्वचा पूर्ण भरलेली असेल तर आधी रेशमासारखं मऊ कापड, मग सुती, मग टॉवेल, असं दिवसातून दोन-तीनदा, दोन-दोन मिनिटं त्या जागेवरून हलकेच फिरवायचं. पाठवलेल्या प्रत्येक संदेशाला धोका समजणाऱ्या मज्जासंस्थेला पुन्हा शिकवण्याचा हा प्रकार आहे, आणि त्याला आठवडे लागतात. बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी मात्र ठेवू नका, भाजलेलं कळत नाही. मान ‘कडकड’ मोडून घेणं आणि रेडिएशन दिलेल्या मानेवर जोरकस मालिश करून घेणं, दोन्ही वर्ज्य.

तिसरं तोंडाचं. आरशासमोर पट्टी घेऊन वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजा. 35 मिलिमीटरपेक्षा कमी भरलं तर वैद्यकीय भाषेत त्याला ट्रिस्मस म्हणतात. रेडिएशनने आलेला घट्टपणा उपचार संपल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं वाढत राहतो, म्हणून जबड्याचे व्यायाम काही दिवस करून थांबवता येत नाहीत. ते दात घासण्याइतकेच अंगवळणी पाडावे लागतात. आइस्क्रीमच्या काडीसारख्या चपट्या लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, ताण जाणवेल पण झोंबणार नाही इतपत, थोडा वेळ थांबायचं, काही आठवड्यांनी एखादी पट्टी वाढवायची. यासाठी तयार उपकरणंही मिळतात. सुरुवात थेरपिस्ट किंवा दंतवैद्यासमोर करा. दर रविवारी अंतर मोजून वहीत लिहा. एक-दोन मिलिमीटरची वाढ तोंडाला जाणवत नाही, पण वहीत दिसते. आणि जबड्याला रेडिएशन झालेलं असल्याने दात काढायची वेळ आली, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नका. तिथलं हाड भरून यायला अडचण येऊ शकते.

चौथं, पायांच्या मुंग्या. सिस्प्लॅटिनमुळे नसांच्या टोकांना इजा होते. हे औषध बंद झाल्यावरही काही महिने मुंग्या वाढतात, त्यामुळे बरेच लोक आजार परतला म्हणून घाबरतात. केमोनंतरच्या या दुखऱ्या न्यूरोपॅथीसाठी अमेरिकन तज्ज्ञांच्या 2020 च्या सूचनांत शिफारस केलेलं औषध एकच आहे, ड्युलॉक्सेटिन. तेही सगळ्यांना लागू पडत नाही, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. तोल सांभाळण्याचे व्यायाम करा, पावलं रोज डोळ्यांनी तपासा, अनवाणी चालू नका.

या चारांखेरीज एक साधी रक्ततपासणी सुचवते. मानेला रेडिएशन झाल्यावर थायरॉइड मंदावणं खूप जणांत होतं, आणि अंगदुखी, थकवा, जडपणा हे त्याचेच रंग असतात. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम दाखवणारी ही तपासणी, दर सहा ते बारा महिन्यांनी करायची असते. तुमची शेवटची कधी झाली होती?

आता गोळी. वाढवू का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘स्वतःहून अजिबात नाही’ हे आहे, आणि ते मी ठामपणे देते. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना जड जातं. त्यानंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने रोज घेणं मूत्रपिंडांसाठी आणि जठरासाठीही धोक्याचं आहे. कोणती गोळी, किती दिवसांपासून, हे डॉक्टरांना खरंखरं सांगा आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय हे दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. मॉर्फिनच्या जातीची औषधं काही जणांना लागतात, ती घ्यावी लागली तर लाज वाटून घेऊ नका. पण वर्षानुवर्षं चालणाऱ्या दुखण्यात ती विचारपूर्वक, कमीत कमी मात्रेत आणि देखरेखीखालीच द्यायची असतात, आणि घेत असाल तर एकदम बंदही करायची नसतात. नस बधिर करणारी इंजेक्शनं, मानेच्या आखडीसाठी स्नायू सैल करणारी बोटुलिनमची इंजेक्शनं, अ‍ॅक्युपंक्चर हे पर्यायही काहींना उपयोगी पडतात. या सगळ्यांचं काम माझ्या मते एकच. दुखण्याला इतकं खाली आणायचं की व्यायाम करता येईल.

तुमच्या पत्नीची माया मला समजते. त्यांनी तुम्हाला मरणाच्या दारातून परत येताना पाहिलंय. पण ‘उचलू नकोस, आराम कर’ या मायेत तो हात आणखी कमजोर होतोय. पुढच्या वेळी थेरपिस्टकडे त्यांना सोबत न्या, काय उचललेलं चालतं हे त्यांनी स्वतः ऐकावं. माझ्या म्हणण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

अर्थात, दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. बरं वाटलेल्या दिवशी साचलेली सगळी कामं उरकायची आणि पुढचे दोन-तीन दिवस आडवं पडायचं, हे चक्र दीर्घ दुखण्यात फार सापडतं. वाईट दिवशीसुद्धा जमेल इतका व्यायाम आणि इतकं चालणं ठरवा. घड्याळ लावून तेवढंच करा, छान वाटत असलं तरी तिथेच थांबा. आठवड्याला थोडं वाढवा. व्यायामाने दुखणं किंचित वाढून दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं, तर प्रमाण बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही चढलेलंच राहिलं तर पुढच्या वेळी कमी करा, पण बंद करू नका. कॅन्सरनंतरच्या व्यायामाबद्दल 2019 मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आठवड्यातून तीनदा अर्धा तास भरभर चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. तो आकडा पुढच्या काही महिन्यांसाठी. आज दहा मिनिटं जमत असतील तर दहा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण बहुतेकांच्या मनात असते. काहीही ठणकलं की मनात पाल चुकचुकते, परत आला की काय! या भीतीने झोप जाते, झोप गेली की दुखणं अधिक टोचतं. म्हणून कधी घाबरायचं हे पक्कं माहीत असलेलं बरं. नवीन जागी सुरू झालेलं दुखणं, गिळताना कानात उठणारी कळ, तोंडातला न भरणारा व्रण, मानेत नवी गाठ, जबड्याचं हाड उघडं दिसणं, कारणाशिवाय घटणारं वजन, रात्री न थांबणारी वेदना, यांपैकी काही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. पाठदुखीसोबत पायांतलं बळ गेलं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी. जुनंच दुखणं जुन्याच जागी कमीजास्त होणं बहुधा या यादीतलं नसतं. तरीही भीती हटत नसेल तर समुपदेशकाची मदत घ्या. वेदनेसोबत कसं जगायचं यावर काम करणारे मानसोपचार आहेत, आणि तिथे जाण्याने तुमचं दुखणं काल्पनिक ठरत नाही.

ज्यांचा कॅन्सर वेगळा आहे अशा वाचकांनीही आपलं दुखणं असंच सुटं करून पाहावं. स्तनाच्या कॅन्सरनंतर काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला आग होणं नसेचं असतं, खांदा आखडणं वेगळं, आणि लेट्रोझोलसारख्या हार्मोन कमी करणाऱ्या गोळ्यांनी बोटं-गुडघे धरणं आणखी वेगळं. ब्रिटनमधला 2021 सालचा एक अभ्यास 392 स्त्रियांवर झाला. खांद्याचा त्रास होण्याची शक्यता जास्त असलेल्या या स्त्रियांपैकी ज्यांनी ऑपरेशननंतर साधारण आठवड्या-दीड आठवड्यातच आखून दिलेले व्यायाम सुरू केले, त्यांचा हात वर्षभराने जास्त चांगला चालत होता. हाताला सूज असताना वजन उचलू नये हा समजही, देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांच्या बाबतीत खोटा ठरला आहे. मात्र हाडांत कॅन्सर पसरलेला असेल, तर कोणतं हाड किती भार पेलेल हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ताकदीचे व्यायाम सुरू करू नयेत.

आयुष्यभर सोसायचं का, असं तुम्ही विचारलंत. दुखणं शून्यावर येईल असं वचन मी देणार नाही, कारण थोडं उरण्याची शक्यता आहे. पण आज जेवढं आहे तेवढं सोसायची गरज नाही, याबद्दल मला शंका नाही. ‘दुखणं घालवा’ असं सांगण्यापेक्षा थेरपिस्टला सांगा की तीन महिन्यांनी मला एक तास फळ्यावर लिहून शिकवायचंय. त्याला नेमकं काय मजबूत करायचं ते कळेल, आणि तुम्हालाही प्रगती मोजता येईल.

पुढच्या तपासणीआधी आठवडाभर एक पान भरा: कुठे, कसं (ठणका, आग की मुंग्या), कधी, कशाने वाढतं, कशामुळे काय करता येत नाही, आणि घेतलेली प्रत्येक गोळी. खोलीत शिरल्यावर स्कॅनच्या आधी ते पान टेबलावर ठेवा. ऑपरेशनच्या नोंदीची आणि रेडिएशनच्या तपशिलाची प्रत मागून घ्या, म्हणजे नस कापली होती की जपली होती आणि किरणं कुठपर्यंत दिली होती हे थेरपिस्टला समजेल. आणि फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनच्या, म्हणजे शरीराची हालचाल आणि ताकद परत मिळवून देणाऱ्या विभागाच्या, डॉक्टरांकडे किंवा पेन क्लिनिकला चिठ्ठी द्या, असं स्पष्ट म्हणा. तुमच्या हॉस्पिटलमध्ये हे विभाग नसतील तर कुठे पाठवता, हे तिथून उठण्याआधी विचारा.